दुसरा सामना

आज आम्ही रेडीहून तुमच्याशी फुटबॉलबद्दल बोलणार आहोत. फुटबॉल म्हटल्याबरोबर रेडिओ बंद करू नका. हातातलं काम चालू ठेवा आणि ऐका. कारण हा विषय जेवढा मैदानावरचा आहे, त्याहून जास्त आपल्या घरातला आहे.

आमच्या गावाची हद्द संपते तिथे गोवा सुरू होतो. तिकडे फुटबॉल गावोगावी खेळला जातो. गोव्याचे ब्रह्मानंद शंखवाळकर भारताच्या संघाचे कर्णधार झाले, 1997 मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. आमच्याकडेही ओहोटीला वाळू घट्ट झाली की किनाऱ्यावर मुलगे चेंडू लाथाडतात. मुली मात्र बहुतेक वेळा बघायला उभ्या असतात. एखादी पुढे गेलीच, तर कोणीतरी म्हणतंच, "चेडवांनी बॉल कसलो खेळूचो गो?"

खेळून पुढे काय होतं, ते आधी समजून घेऊ. वेंगुर्ला आणि सावंतवाडीची कॉलेजं मुंबई विद्यापीठाखाली येतात. कॉलेजचा संघ आधी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत खेळतो. तिथे चांगल्या खेळलेल्या मुलींमधून विद्यापीठाचा संघ निवडतात. तो संघ पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. या विभागात महाराष्ट्र, गोवा, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश इथली विद्यापीठं असतात. त्यातून पुढे गेलेले संघ अखिल भारतीय स्पर्धा खेळतात. म्हणजे रेडीची मुलगी मुंबई विद्यापीठाची जर्सी घालून आणि पेडण्याची मुलगी गोवा विद्यापीठाची जर्सी घालून एका मैदानावर समोरासमोर येऊ शकतात. तेरेखोल नदीच्या दोन काठांवरच्या या मुली. आपल्या सोयरिकी होतात त्या गावांतल्या.

वाट आहे, पण अडचण पहिल्याच पायरीवर आहे. तिथे बहुतेक ठिकाणी बाद पद्धत असते. हरला की संपलं. हिशोब करून बघा. 16 संघ उतरले, तर 8 संघ पहिल्याच सामन्यानंतर घरी परततात. आपली मुलगी महिनोन्‌महिने पहाटे उठून धावणार, रात्रीच्या गाडीने दूरच्या शहरात जाणार, 90 मिनिटं खेळणार आणि हरली तर तिचा त्या वर्षीचा हंगाम तिथेच संपणार. पहिल्या सामन्यात पाय थरथरतात हे खेळलेली प्रत्येक मुलगी सांगते. खेळ जमू लागतो तो दुसऱ्या, तिसऱ्या सामन्यात. तो दुसरा सामनाच तिच्या वाट्याला येत नाही.

अमेरिकेत कॉलेजांनी यावर वेगळी रीत बसवली आहे. एका भागातली आठ-दहा-बारा कॉलेजं मिळून एक गट करतात. गटातले संघ आठवड्यामागून आठवडा एकमेकींशी खेळतात. ऑगस्ट ते नोव्हेंबरच्या हंगामात मुलींच्या एका संघाला 15 ते 20 सामने मिळतात. आज हरलेल्या संघाला पुढच्या आठवड्यात चूक सुधारता येते. हे आपोआप झालं नाही. 1972 मध्ये तिथे कायदा झाला, की सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांत मुली म्हणून कुणाला डावलायचं नाही. खेळातही नाही. त्यानंतर मुलींचे संघ वाढत गेले आणि 1991 मध्ये महिलांचा पहिला फुटबॉल विश्वचषक अमेरिकेनेच जिंकला.

आता आपल्याकडचं बघू. ऑक्टोबर 2022 मध्ये 17 वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला. भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई इथे सामने झाले. भारताच्या मुली अमेरिकेकडून 8-0, मोरोक्कोकडून 3-0 आणि ब्राझीलकडून 5-0 अशा हरल्या. आपल्या संघाची कर्णधार अस्तम उरांव झारखंडच्या गुमला जिल्ह्यातल्या खेड्यातली. तिच्या घराकडे जाणारा रस्ता त्या दिवसांत बांधला जात होता आणि तिचे आईवडील त्याच रस्त्यावर मजुरीला होते. या मुलींना आम्ही हरलेल्या म्हणणार नाही. शेतमजुराच्या घरातून तिथपर्यंत पोचणं हेच मोठं काम आहे. पण लहानपणापासून दर आठवड्याला सामना खेळलेल्या मुलीत आणि वर्षातून मोजके सामने मिळालेल्या मुलीत फरक पडणारच.

मैत्रिणींनो, आता घरातली गोष्ट. फुटबॉलच्या नियमात संघ 11 जणींचा असतो, पण 7 पेक्षा कमी खेळाडू असतील तर सामना सुरूच करता येत नाही. आता समजा, 14 मुली तयार आहेत. एकीच्या घरी लावणी आहे, एकीला बघायला पाहुणे यायचे आहेत, एकीची आई म्हणते रात्रीचा प्रवास नको, एकीची पाळी आली, एकीच्या आजीला वाटतं उन्हात काळी पडेल. चतुर्थी जवळ आली म्हणून आणखी तिघी थांबल्या. मैदानावर पोचल्या सहाच. समोरचा संघ न खेळताच पुढे गेला. हा संघ हरला कुठे? मैदानावर नाही, आठ घरांच्या ओटीवर हरला. आणि ज्या सहाजणी पोचल्या होत्या, त्यांचंही वर्ष गेलं. एका घराचा "नको" दुसऱ्या घराच्या मुलीला असा भोवतो.

आमचं म्हणणं असं नाही, की आईची काळजी खोटी असते. रात्रीच्या प्रवासाची भीती खरीच आहे. पण मुलीला घरी ठेवून ती काळजी मिटत नाही. आपल्या गटातल्या दोघीजणी संघाबरोबर गेल्या, तर मिटते. मुलीची लावणी गटातल्या दुसरीने उरकली, तर अडचण सुटते. आपण एकमेकींच्या शेतात जातोच की. पाहुण्यांना आठ दिवसांनी बोलावलं, तर काही बिघडत नाही. विद्यापीठाच्या स्पर्धांत 25 वर्षांपर्यंतच खेळता येतं. लग्न त्यानंतरही होतं, विद्यापीठाची जर्सी त्यानंतर मिळत नाही.

दुसरं, सामने वाढवणं आपल्याही हातात आहे. रेडी, शिरोडा, आरवली आणि आजगाव ही चार गावं धरा. प्रत्येक गावाच्या मुलींचा एक संघ. प्रत्येकीने प्रत्येकीशी एकदा खेळायचं. सगळे मिळून 6 सामने होतात आणि प्रत्येक संघाला 3 सामने मिळतात. जिंकलं तर 3 गुण, बरोबरी झाली तर 1, हरलं तर 0, पण हरलेलीला घरी कोणी पाठवत नाही. भातकापणी झाली की मळे मोकळे होतात. दर रविवारी सकाळी एक सामना ठेवला, तर दीड महिन्यात हंगाम पुरा होतो. खर्च लागतो तो चेंडूचा आणि चार बांबूंचा. पाणी, पेज आणि उकडलेली अंडी ग्रामसंघाने वाटून घ्यावीत. शाळेतले खेळाचे शिक्षक शिट्टी वाजवायला नक्की येतील, विचारून तर बघा. पुढच्या पावसाळ्यात या मुली कॉलेजच्या संघात जातील, तेव्हा त्यांच्या पायांखाली तीन सामने असतील.

येत्या बैठकीत हप्त्याचे पैसे मोजून झाले, की हा एक विषय काढा. आपल्या वाडीत खेळायची इच्छा असलेल्या मुली किती, एवढंच आधी विचारा. आणि एखादी मुलगी सामना हरून संध्याकाळी घरी आली, तर "मी सांगलेलंय ना तुका" असं म्हणू नका. तिला गरम पाणी द्या, जेवायला वाढा आणि विचारा, "मगे, पुढचो सामनो कधी?"