पैसा पोहोचतो, मत पोहोचत नाही



संयोजकांनी मला विषय दिला आहे, 'परदेशस्थ भारतीयाची राजकीय निराशा'. मी बावीस वर्षं गल्फमध्ये नोकरी केली, त्यातली बहुतेक कुवेतमध्ये. त्यामुळे या विषयावर तक्रारी सांगायला बसलो तर रात्र होईल. पण इथे बसलेल्या मुलामुलींपैकी अनेकांचे पासपोर्ट तयार आहेत किंवा होणार आहेत. तुम्हाला तक्रारींचा उपयोग नाही. ही निराशा येते कुठून आणि तिचं काय करायचं, एवढंच मी बोलणार आहे.

आधी तिकडचं बोलू. कुवेतमध्ये दहातले साधारण सात जण परदेशी आहेत. त्यांना मताचा अधिकार नाही, आणि तीस वर्षं राहिलं तरी नागरिकत्वाची आशा जवळपास नाही. तिथल्या नागरिकांना निदान निवडून दिलेली संसद होती. मे २०२४ मध्ये अमीरांनी ती बरखास्त केली आणि संविधानातली काही कलमं चार वर्षांपर्यंत स्थगित केली. म्हणजे जिथे नागरिकाचाच आवाज बंद झाला, तिथे आपण कोण?

आपण कोण, हे जून २०२२ मध्ये फार स्पष्ट झालं. भारतातल्या सत्ताधारी पक्षाच्या प्रवक्त्यांनी पैगंबरांबद्दल केलेल्या वक्तव्यांवरून कुवेत सरकारने भारतीय राजदूतांना बोलावून निषेध नोंदवला. पुढच्याच शुक्रवारी नमाजनंतर फहाहील भागात काही परदेशी लोकांनी त्याच कारणासाठी निदर्शनं केली. सरकारने जाहीर केलं की या लोकांना अटक करून मायदेशी पाठवलं जाईल, कारण परदेशी माणसाला तिथे निदर्शनं करायची परवानगी नाही. निषेध एकच होता. सरकारने केला तेव्हा ते धोरण ठरलं, कामगाराने केला तेव्हा गुन्हा ठरला. मशिदीत ज्या सफेत आपण खांद्याला खांदा लावून उभे राहतो, त्या सफेतून बाहेर पडलं की पासपोर्टचा रंग बघितला जातो.

आणि हे फक्त निदर्शनांपुरतं नाही. कफाला पद्धतीत तुमचा व्हिसा मालकाशी बांधलेला असतो. कतार आणि सौदीने अलीकडच्या वर्षांत नोकरी बदलण्याचे नियम सैल केले, पण घरकाम करणाऱ्या बाईपर्यंत हे बदल सर्वात शेवटी पोहोचतात. १२ जून २०२४ रोजी कुवेतच्या मंगाफ भागात कामगारांच्या इमारतीला आग लागली. सुमारे ५० माणसं गेली, त्यात बहुसंख्य भारतीय. अशा इमारतीत किती माणसं कोंबायची यावर त्यात राहणाऱ्याला काहीच बोलता येत नाही. ज्याला राजकीय हक्क नाही त्याच्या जिवाची काळजी कोणी उपकार म्हणूनच घेतो.

आता घरचं बोलू. 'तिकडे परके आहात, पण इथले तर नागरिक आहात ना?' असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. २०१० साली लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती झाली. नोकरी किंवा शिक्षणासाठी परदेशी गेलेल्या आणि दुसऱ्या देशाचं नागरिकत्व न घेतलेल्या भारतीयाला पासपोर्टवरच्या पत्त्यावर मतदार म्हणून नाव नोंदवता येतं. पण मत द्यायचं तर मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः गावच्या केंद्रावर हजर व्हायचं. ज्याची रजा दोन वर्षांतून एकदा मालकाच्या मर्जीने मिळते, त्याने एका मतासाठी विमानाचं तिकीट काढायचं!

परिणाम आकड्यांत दिसतो. २०२४ च्या लोकसभेसाठी देशभरात १,१९,३७४ परदेशस्थ मतदारांची नोंद होती. प्रत्यक्ष मतदान केलं २,९५८ जणांनी, आणि त्यातले २,६७० एकट्या केरळचे. महाराष्ट्रात नोंद पाच हजारांच्या आसपास आणि मतदान १७. सतरा! एका वडापमध्ये मावतील एवढी माणसं.

दूतावासात काम करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला परदेशातून टपालाने मत देता येतं. त्याच शहरातल्या सुताराला, ड्रायव्हरला, नर्सला येत नाही. प्रतिनिधीमार्फत मतदानाचं विधेयक ऑगस्ट २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत मंजूर झालं नाही आणि लोकसभेची मुदत संपल्यावर बाद झालं. २०२० मध्ये निवडणूक आयोगाने टपाली मतपत्रिकेचा प्रस्ताव सरकारकडे पाठवला. त्यानंतरच्या लोकसभा निवडणुकीतही आपल्याला स्वतःच यावं लागलं. जागतिक बँकेच्या हिशेबाने २०२२ साली परदेशातल्या भारतीयांनी देशात १११ अब्ज डॉलर पाठवले. पैसा मिनिटात पोहोचतो, त्याला हजर राहावं लागत नाही.

गंमत अशी की लंडनला गेलेल्या भारतीयाला, तो कायदेशीर रहिवासी असेल तर, भारतीय पासपोर्टवरच ब्रिटनच्या संसदेसाठी मत देता येतं. भारत राष्ट्रकुलात आहे म्हणून. म्हणजे तिथल्या खासदारावर त्याचा दाब चालतो, स्वतःच्या तालुक्याच्या आमदारावर नाही.

निराशा इथून येते. दोन देशांच्या बातम्या रोज अंगावर येतात आणि दोन्हीकडे आपला हात पोहोचत नाही. असा माणूस मग काय करतो? काही जण 'राजकारण म्हणजे घाण' म्हणून हात झटकतात आणि प्लॉट घेण्यात रमतात. काही जण रात्री दोन वाजेपर्यंत फोनवर भांडतात, खरंखोटं न बघता व्हिडिओ पुढे ढकलतात. त्याची झळ त्यांना लागत नाही, गावात शेजाऱ्याच्या समोरासमोर राहणाऱ्या भावाला लागते. आणि काही जण घरी फोन करून सांगतात, 'अमक्याला मत दे.' स्वतःचं मत देता येत नाही म्हणून ते बायकोचं मत देऊ पाहतात.

इथे मला थोडं कडू बोलायचं आहे. आपल्या कोकणातल्या कितीतरी गावांच्या जमातींच्या शाखा कुवेतला, दोह्याला आहेत. मशिदीचा रंग, शाळेची खोली, रुग्णवाहिका, सगळ्याला तिकडून वर्गणी येते. हे काम मोठं आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. पण त्या पैशाचं काय करायचं हे ठरवायला गावात राहणारी बाई कितीदा बसते? घर, शेत, म्हातारे सासू-सासरे, मुलांची शाळा, ग्रामपंचायतीचा दाखला हे सगळं ती बघते. राज्यातल्या पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. आपल्याला कुवेतमध्ये 'तू फक्त काम कर, बोलू नकोस' म्हटलं की राग येतो. तेच आपण घरी म्हणत असू, तर त्या रागाला वजन राहत नाही.

दुसरं. इथे आपण अल्पसंख्य म्हणून समान नागरिकत्व मागतो. मागायलाच हवं, ते संविधानाने दिलेलं आहे. मग तिकडे आपल्यासमोर बांगलादेशी सफाई कामगाराचा पगार अडवला जातो, तेव्हा 'मुसलमानांचा देश आहे, बोलू नये' असं आपण का म्हणतो? अमेरिकेत अल्पसंख्याकाचे हक्क मागणारे आणि भारतात बहुसंख्याकाच्या जोराला टाळ्या वाजवणारे लोक आपल्याला खटकतात. तोच मापदंड स्वतःला लावायला हवा. गल्फने मला एक गोष्ट शिकवली. धर्म एक असल्याने हक्क मिळत नाहीत, ते नागरिकत्वाने मिळतात. म्हणून इथलं नागरिकत्व कितीही ओरबाडलं जात असलं, तरी ते सोडून द्यायची वस्तू नाही.

परदेशात बसून काही होत नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी एक जुनी गोष्ट. १८९३ साली तरुण गांधीजी दक्षिण आफ्रिकेला गेले ते पोरबंदरच्या दादा अब्दुल्ला या मुस्लिम व्यापाऱ्याच्या पेढीच्या खटल्यासाठी. पुढच्या वर्षी नाताळ वसाहतीत भारतीयांचा मताधिकार काढून घेणारं विधेयक आलं. तेव्हा या व्यापाऱ्यांनी गांधीजींना थांबवून घेतलं. सुमारे दहा हजार सह्यांचा अर्ज लंडनला गेला. ऑगस्ट १८९४ मध्ये नाताळ इंडियन काँग्रेस स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष मुस्लिम व्यापारीच होते. लंडनने ते विधेयक नामंजूर केलं. दोन वर्षांनी ते वेगळ्या शब्दांत आलंच, हेही खरं. पण संघटना टिकली, आणि पुढच्या लढ्यांची तालीम तिथे झाली. आजच्या गल्फमध्ये तशी संघटना काढता येणार नाही. सह्या मात्र इकडे, स्वतःच्या सरकारकडे करता येतात.

म्हणून जाणाऱ्यांना माझं सांगणं साधं आहे. निघण्यापूर्वी कराराचा कागद वाचा. पोहोचल्यावर नमुना ६-अ भरून परदेशस्थ मतदार म्हणून नाव नोंदवा. मत देता आलं नाही तरी भरा. केरळकडे सरकार लक्ष देतं, कारण २०२४ मध्येच त्यांची नोंद जवळपास नव्वद हजार होती. १९९६ पासून त्यांच्या राज्यात परदेशस्थांसाठी स्वतंत्र खातं आहे. पाच हजारांची भीती कोणत्या पक्षाला वाटणार? जमातीच्या पुढच्या बैठकीत वर्गणीच्या यादीसोबत ही यादीही ठेवा. मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला टपाली मतदानाबद्दल विचारा, लेखी विचारा.

आणि इथे राहणाऱ्यांना, विशेषतः मुलींना सांगतो. ग्रामसभेची नोटीस लागली की जा. मतदार यादीत घरातल्यांची नावं तपासा. फोनवरून कुणी मत सांगितलं तर ऐकून घ्या आणि केंद्रावर स्वतःच्या बुद्धीने बटण दाबा. तुमच्या घरातल्या परदेशी गेलेल्या माणसाला जे करता येत नाही, ते तुम्हाला करता येतं.