बाप शोधायचा कोणी?



झरी-जामणी, मारेगाव, केळापूर या तालुक्यांतील कोलाम पोडांवर ‘कुमारी माता’ हा शब्द आता कोणालाच नवा नाही. या शब्दाने एक गोष्ट मात्र सोयीस्करपणे झाकली जाते. आई कुमारी असली तरी मूल बापावाचून जन्मत नाही. कामानिमित्त आलेला ठेकेदार वा मुकादम काम संपताच निघून जातो. चर्चा होते ती आईच्या अब्रूची. बापाचा पत्ता कोणी विचारीत नाही.

कायदा मुका नाही. १९७४ पासून लागू झालेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५व्या कलमाने अनौरस मुलालाही बापाकडून पोटगीचा हक्क दिला. १ जुलै २०२४ पासून तोच हक्क नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४व्या कलमात आहे. बाप त्या मुलाच्या आईसह जेथे शेवटचा राहिला, त्या जिल्ह्यातही अर्ज करता येतो. तो जाणूनबुजून समन्स टाळत असेल, तर त्याच्या गैरहजेरीत निकाल देता येतो. थकबाकीसाठी वॉरंटचा अर्ज मात्र वर्षाच्या आत करावा लागतो. आपल्या कार्यकर्त्यांनी ही मुदत ध्यानात ठेवावी.

परंतु समन्स कोणत्या पत्त्यावर पाठवायचे? न्यायालय पत्ता मागते आणि रोजंदारीवर जगणारी आई तो आणणार कोठून? अमेरिकेने १९७५ साली अशा बापांना हुडकण्याची जबाबदारी कायद्याने शासनावर टाकली; १९९६च्या कायद्यानुसार तेथील प्रत्येक मालकाला नव्या नोकराचे नाव शासनास कळवावे लागते आणि पोटगी पगारातूनच कापली जाते. त्यामागे सरकारी मदतीचा खर्च वाचविण्याचा हिशेबही होता. तो हेतू आपला नव्हे. जबाबदारीचे तत्त्व मात्र घेण्याजोगे आहे.

सरकारी कामाच्या ठेकेदाराचे बिल सरकारी तिजोरीतून निघते. त्याला पैसे देताना ज्या कचेरीला त्याचे नाव, गाव आणि बँकेचे खाते ठाऊक असते, तिला मुलाच्या पोटगीच्या वेळीच ते ठाऊक नसावे काय? न्यायालयाने मागताच ही माहिती देण्याचे आणि आदेश झाल्यावर बिलातून पोटगी वळती करण्याचे बंधन शासनाने स्वीकारावे, ही आपली मागणी असली पाहिजे.

शिलाई यंत्र आणि घरकुल ही मदत जरूर मिळावी. पण मदत म्हणजे न्याय नव्हे. ज्याचे देणे आहे त्याच्याकडून ते वसूल होईपर्यंत हा लढा संपत नाही.