मावशीची वही
(हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



दरवर्षी मी इथे उभी राहते ती वसतिगृहाचा अहवाल घेऊन. मुलं किती, मुली किती, दहावीला किती बसले, धान्य किती लागलं. यंदा मंडळाने सांगितलं, अहवाल छापून देऊ, तुम्ही तुमच्या आजारपणाबद्दल बोला. मला ते जरा जड गेलं. साक्ष म्हटली की ऐकणाऱ्याला शेवट आधीच माहीत असतो. आजारी पडले, प्रार्थना केली, बरी झाले. माझ्या बाबतीत मधला भाग फार लांबला, आणि त्या भागात मी काही फारशी चांगली ख्रिस्ती नव्हते. तेच आज सांगते.

तीन वर्षांपूर्वीचा पावसाळा. धडगावच्या एका पाड्यावर आमचं आरोग्य शिबिर होतं. बायकांचं हिमोग्लोबिन तपासत होतो. शेवटी पट्ट्या उरल्या म्हणून नर्सताईने गमतीने माझंही बोट टोचलं. आकडा आला ६.२. महिनाभर जिना चढताना धाप लागत होती, हिरड्यांतून रक्त येत होतं, नडग्यांवर बारीक लाल ठिपके होते. दुसऱ्या कोणाला हे असतं तर मी त्याच दिवशी दवाखान्यात पाठवलं असतं. स्वतःच्या बाबतीत मी म्हटलं, दगदग झाली असेल.

पुढचं पटपट सांगते. शहादा, मग नंदुरबार, मग रात्रीच्या गाडीने मुंबई. बोन मॅरोची तपासणी झाली. ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, आणि तोही घाईचा. प्लेटलेट नऊ हजार. निरोगी माणसाच्या दीड लाखाच्या वर असतात. डॉक्टर म्हणाले, आजच भरती व्हा. मी विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, महिना तरी धरून चला. मी दोन साड्या नि एक बायबल घेऊन गेले होते.

पहिल्या वेळी मी छत्तीस दिवस आत होते. सात दिवस अहोरात्र एक औषध सलाईनमधून, त्यातले तीन दिवस सोबत दुसरं एक लाल रंगाचं. त्याने लघवीसुद्धा लाल होते. आधी कोणी सांगितलं नसेल तर माणूस घाबरून जाईल. औषध संपलं की लोकांना वाटतं, झालं. खरं तर तिथून पुढेच कठीण काळ सुरू होतो. रोगाच्या पेशींबरोबर चांगल्या पेशीही मरतात. पांढऱ्या पेशी इतक्या खाली जातात की साधा ताप हीसुद्धा धावपळीची गोष्ट होते. तोंड आतून सोलून निघतं. मीठ-सोड्याच्या पाण्याने दिवसातून कितीतरी वेळा चुळा भरायच्या. कच्चं काही खायचं नाही, कोशिंबीर नाही, खोलीत फुलं नाहीत, भेटायला माणसं नाहीत. आणि मग वाट पाहायची, पेशी पुन्हा उगवण्याची. ती दोन-तीन आठवडे पाहावी लागते आणि तिला घाई करता येत नाही.

माझे यजमान शिक्षक. मुलीचं दहावीचं वर्ष. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत त्यांची सोय झाली. तिथे तऱ्हेतऱ्हेच्या गावची, तऱ्हेतऱ्हेच्या धर्माची माणसं एकाच कारणासाठी आलेली असतात. पण त्यांची रजा बारा दिवसांत संपली. आता माझ्यापाशी राहायचं कोणी? तेव्हा मावशी आली.

मावशी म्हणजे आमच्या वसतिगृहात स्वयंपाक करणारी बाई. पावरा समाजाची. मुलं तिला मावशी म्हणतात म्हणून मीही म्हणते, वयाने ती माझ्याहून लहानच आहे. मुंबई तिने पाहिली नव्हती. संध्याकाळच्या प्रौढ वर्गात मी तिला अक्षरं शिकवली होती. अंगठा सोडून सही करायला लागली तेव्हा आपल्या याच त्रैमासिकात तिचा फोटो छापला होता, काहींना आठवत असेल. खाली लिहिलं होतं, लाभार्थी.

ती आली आणि सिस्टरने तिच्या हातात काम दिलं. पेशंटने किती पाणी प्यायलं, किती लघवी झाली, ताप किती, सगळं लिहून ठेवायचं. मावशीने खाली जाऊन शंभर पानी वही आणली. रेघा मारल्या. वेळ, पाणी, लघवी, ताप. पुढे तिने स्वतःहून एक रकाना वाढवला आणि त्याला नाव दिलं 'खाल्लं का'. त्यात बहुतेक दिवस 'नाही' लिहिलेलं आहे. दुपारी रक्ताचा रिपोर्ट आला की प्लेटलेटचा आकडा पानाच्या वरच्या कोपऱ्यात.

आता माझी कबुली. मी ईश्वरज्ञानाची पदविका घेतली आहे. दुःखभोगाच्या प्रश्नावर निबंध लिहून चांगले गुण मिळवले आहेत. वीस वर्षं मी आजाऱ्यांच्या खाटेशी बसून वचनं वाचून दाखवली आहेत. तिथे मला त्यातलं एकही हाताशी लागेना. डोळ्यांपुढे अक्षरं हलायची. प्रार्थनेला तोंड उघडलं की रडू यायचं, मग मी प्रार्थना करणंच सोडलं. पहाटे तीन ते पाच ही वेळ वाईट. मशीन टिकटिक करतं, शेजारची आजी कण्हते, आणि मनात एकच येतं, माझ्या मुलीची वेणी कोण घालतं आता.

मावशीला पुस्तकी प्रार्थना येत नाही. ती माझ्या पायापाशी बसून पावरीत दोन वाक्यं म्हणायची. मला भाषा कळते. "देवा, आज नऊ हजार आहे. उद्या वीस कर." एवढंच. दुसऱ्या दिवशी अकरा हजार आले तर म्हणायची, "देवा, आज अकरा आहे." तक्रार नाही, आभारांची लांबण नाही. हिशेब दिल्यासारखं. पहिले काही दिवस मला हसू यायचं. नंतर नंतर मी त्या दोन वाक्यांची वाट पाहू लागले. मला स्वतःला देवाशी बोलता येत नव्हतं, पण ती बोलते आहे हे ऐकता येत होतं. पक्षाघाती माणसाला चौघांनी खाली सोडलं, त्या गोष्टीवर मी किती वेळा बोलले असेन. खाटेवर निजलेला माणूस त्या गोष्टीत स्वतः काही मागत नाही, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

दिवस कसा काढायचा, हेही तिनेच ठरवून टाकलं. महिन्याचा विचार करायचा नाही. सकाळचं रक्त घेऊन झालं की तोंड धुवून केस विंचरायचे, होते तोवर. गेले तेव्हा डोक्याला तेल लावायचं. डॉक्टर येऊन गेले की मास्क लावून सलाईनचा स्टँड ढकलत व्हरांड्यात चार फेऱ्या. अंगात ताप असेल तर खाटेभोवतीच दोन. दुपारी खिडकीशी. रात्री घरी एकच फोन, आणि तो मुलीच्या अभ्यासाबद्दल, पेशींबद्दल नाही. यात आध्यात्मिक असं काही दिसत नाही. पण या बारीकसारीक गोष्टींना धरून छत्तीस दिवस निघाले.

भेटायला येणाऱ्यांबद्दल बोलते, राग मानू नका. एकदा प्रार्थना गटाची बारा मंडळी गुच्छ घेऊन आली. सिस्टरने दारातच थांबवलं. काहींना वाईट वाटलं. फुलांच्या पाण्यातले जंतू मला त्या दिवशी मारू शकले असते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. एका वडीलधाऱ्यांनी फोनवर विचारलं, काही कबूल करायचं राहिलं आहे का? मी म्हटलं, हो, मावशीच्या वाटणीचं केळं मी खाल्लं. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तिथवर ते चांगलेच होते. बोलायला लागल्यावर बिघडलं. तुम्ही भेटायला जाल तेव्हा दारातून हात हलवा, नातेवाइकाच्या हातात गरम डबा द्या, रात्रीची एक पाळी घ्या म्हणजे ते बिचारं झोपेल.

आता ज्या गोष्टीसाठी मी बोलायला तयार झाले, तिच्याकडे येते.

प्लेटलेट दुसऱ्याच्या घ्याव्या लागतात. त्या पाचच दिवस टिकतात, त्यामुळे साठवून ठेवता येत नाहीत. दात्याचं रक्त यंत्रातून फिरवून प्लेटलेट तेवढ्या काढून घेतात, बाकीचं रक्त त्याला परत देतात. तास-दीड तास लागतो. मला वरचेवर लागत होत्या आणि यजमानांच्या ओळखीचे दाते संपत आले होते. मावशीने गावाकडे फोन लावला. आमच्या वसतिगृहातून शिकून गेलेली नऊ मुलं आली. एक जण सुरतेकडे ऊसतोडीवर होता, तो दोन दिवसांची मजुरी सोडून आला. रात्रीच्या गाडीने, उभ्याने.

नऊ जणांपैकी दोघांचं चाललं.

वजन ५० किलो लागतं. तिघांचं नव्हतं. हिमोग्लोबिन १२.५ लागतं. चौघांचं नव्हतं. वीस-बावीस वर्षांचे कष्टाळू मुलगे. त्यातल्या एकाने खिडकीच्या काचेपलीकडून फोनवर मला सांगितलं, "ताई, माझं रक्त चालत नाही म्हणाले." आणि त्याने मान खाली घातली, जशी तो पाढे चुकल्यावर घालायचा.

बंधुभगिनींनो, त्या मुलाने सहा वर्षं माझ्या हाताखाली जेवण केलं आहे. मी इथे उभी राहून तुम्हाला ताटांची संख्या सांगितली आहे. इतकी हजार ताटं, तुमच्या उदारतेमुळे. त्या ताटात काय होतं? पातळ वरण, भात, बटाटा, आणि वर चहा. मी पाड्यापाड्यावर जाऊन बायकांची बोटं टोचत होते आणि माझ्या स्वतःच्या छपराखालच्या मुलांचं रक्त एकदाही तपासलं नव्हतं. त्या रात्री मला आजाराचं नाही, याचं रडू आलं. मावशीही रडली. म्हणाली, "रांधत तर मीच होते." मी म्हटलं, सामान आणून देणारी मी होते.

ज्या दोघांचं चाललं, त्यांच्या प्लेटलेट त्या आठवड्यात मला चढल्या. मावशीच्या वहीत त्या दिवशी कोपऱ्यात दोन आकडे आहेत, आधीचा आणि नंतरचा, आणि शेजारी त्या मुलांची नावं.

पहिला टप्पा संपला, मॅरोत रोग दिसेना. त्यानंतर पुन्हा तीन वेळा भरती होऊन औषध घ्यायचं होतं, तेही जास्त मात्रेत. या मात्रेने कधी कधी लहान मेंदूला इजा होते, तोल जातो, अक्षर बिघडतं. म्हणून प्रत्येक डोसच्या आधी सिस्टर कागद पुढे करायची. नाकाला बोट लावा, सही करा. सही नीट आली तर औषध सुरू. मी सही करायची आणि मावशी तो कागद घेऊन कालच्या सहीशी लावून पाहायची. अगदी बारकाईने, ओठ मुडपून. एकदा म्हणाली, "ताई, आज वेलांटी लहान काढली." वर्गात मी तिला हेच म्हणायची. मी पुन्हा सही केली, नीट वेलांटी काढून. मगच तिने मान डोलावली.

सात महिन्यांत एकंदर शंभराच्या वर दिवस वॉर्डात गेले. देवाची स्तुती असो, आज दोन वर्षं रोग दिसत नाही. तपासणीला अजून जावं लागतं आणि प्रत्येक वेळी रिपोर्ट हातात येईपर्यंत माझं पोट दुखतं. विश्वासाने ती पोटदुखी गेलेली नाही.

परतल्यावर आम्ही पहिलं काम केलं ते सगळ्या मुलांच्या रक्ताचं. निम्म्याहून अधिक मुलांचं कमी निघालं. आपल्या भागात सिकल सेलही आहे, म्हणून नुसत्या लोहाच्या गोळ्या वाटून भागत नाही, आधी ती तपासणी लागते. ती सरकारी आरोग्य केंद्रातून करून घेतली. स्वयंपाकघर मावशीच्या ताब्यात दिलं, सामानाच्या यादीसकट. आता हरभरे, शेंगदाणे, गूळ, पालेभाजी, आठवड्यातून दोनदा अंडी, जेवणावर लिंबू. जेवणाला लागून चहा बंद, कारण चहाने अन्नातलं लोह अंगी लागत नाही. मुलं चहासाठी अजून कुरकुर करतात. छापील अहवालात खर्च वाढलेला दिसेल, तो याचा आहे. आणि यंदापासून ताटांच्या संख्येशेजारी हिमोग्लोबिनचा रकानाही आहे. तो नीट पाहा आणि मला प्रश्न विचारा.

शेवटी एक विनंती. सध्या मावशी पुन्हा मुंबईत आहे. आमच्या पाड्यावरचा आठ वर्षांचा एक मुलगा रक्ताच्याच कर्करोगाने भरती आहे. त्याचा रोग वेगळा, उपचार दोन-अडीच वर्षं चालतील. औषधाचा खर्च शासकीय योजनेतून होतो आहे, पण मुंबईत राहणं आणि खाणं त्यात येत नाही. वडिलांना मराठी बेताचीच येते, म्हणून मावशी गेली. वही घेऊन गेली आहे, या वेळी दोनशे पानी. मुलाला स्टेरॉइड चालू आहे, त्यामुळे त्याला भलत्या वेळी भूक लागते, रात्री दोन वाजता भात मागतो. दादर-परळ भागात राहणारी जी कुटुंबं इथे आहेत, त्यांनी बाहेरच्या टेबलावर नाव लिहून आठवड्यातला एक दिवस घ्यावा. मऊ भात, घट्ट वरण, उकडलेलं अंडं, सगळं ताजं नि गरम. प्लेटलेट देऊ शकणाऱ्या तरुणांनी शेजारच्या कागदावर नाव आणि वजन लिहावं. आणि डब्यात मिरची घालू नका, त्याचं तोंड आलं आहे.