दुखणे थांबणे आणि दुखणे बरे होणे

(फिजिओथेरपिस्टांच्या परिषदेतील अध्यक्षीय भाषण)



 आपल्या व्यवसायाच्या शिक्षणाची सुरुवात देशात महाराष्ट्रातूनच झाली. मुंबईतल्या पोलिओच्या साथीनंतर महापालिका, केंद्र सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना एकत्र आल्या आणि १९५३ मध्ये के.ई.एम. रुग्णालयात देशातली पहिली फिजिओथेरपी शाळा सुरू झाली. त्याआधी एलिझाबेथ केनी या ऑस्ट्रेलियन परिचारिकेने पोलिओच्या उपचारात एक क्रम रुजवला होता. आखडलेल्या स्नायूंना ओल्या, गरम लोकरी पट्ट्यांचा शेक द्यायचा आणि ते सैलावले की लगेच हालचाल शिकवायची. आधी शेक, मग हालचाल. या क्रमातला दुसरा भाग आपल्या हातून सुटत चालला आहे, आणि आज मला त्याविषयीच बोलायचे आहे.

आपल्याकडे येणारा माणूस आल्याआल्या विचारतो, “मशीन कधी लावणार?” “करंट द्या”, “शेक द्या”, “किती सिटिंग लागतील?” त्याचे दुखणे खरे असते आणि त्यातून सुटण्याची घाईही रास्त असते. पण दुखणे थांबणे आणि दुखणे बरे होणे या दोन वेगळ्या घटना आहेत. आपली बहुतेक यंत्रे पहिलीला मदत करतात. दुसरी घडते ती योग्य मात्रेतल्या ताणाने, हालचालीने आणि त्यासाठी दिलेल्या वेळाने. हा फरक आपण स्वतः ओळखणे आणि रुग्णाला समजावणे, हे मी आपले पहिले कर्तव्य मानतो.

टेन्सपासून, म्हणजे कातडीवरून दिल्या जाणाऱ्या विजेच्या सौम्य स्पंदनांपासून, सुरुवात करू. १९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात गेट कंट्रोल सिद्धान्त मांडला. स्पर्शाचे संदेश जाड मज्जातंतूंतून येतात, वेदनेचे बारीक तंतूंतून. दोन्ही मज्जारज्जूच्या मागच्या भागात पोचतात आणि तिथे स्पर्शाचे संदेश वाढले की वेदनेची वाट अडते. कोपर आपटला की हात आपोआप तो चोळू लागतो, त्याचे शास्त्र हेच. दोनच वर्षांनी वॉल आणि विल्यम स्वीट यांनी विजेच्या सौम्य स्पंदनांनी माणसातली वेदना काही काळ शमवून दाखवली. १९७५ मध्ये ॲबरडीनला ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांनी मेंदूत तयार होणारी अफूसदृश द्रव्ये, एन्केफॅलिन्स, शोधून काढली. पुढे हेही दिसून आले की चार हर्ट्झच्या आसपासचा टेन्स आणि शंभर हर्ट्झचा टेन्स शरीराची ही अंगभूत व्यवस्था वेगवेगळ्या रिसेप्टरांमार्फत जागी करतात. म्हणजे टेन्समागे भक्कम शास्त्र आहे. पण मात्रा चुकली तर ते शास्त्र कामी येत नाही. करंट जेमतेम जाणवेल इतकाच ठेवून रुग्णाला वीस मिनिटे झोपवून ठेवले, तर हाती फारसे काही लागत नाही. करंट ठळक जाणवला पाहिजे आणि तरीही सोसवला पाहिजे. रोज त्याच फ्रिक्वेन्सीवर, त्याच मात्रेत दिला तर शरीराला त्याची सवय होते. आणि यंत्र काढल्यावर मिळणारा आराम काही काळापुरताच असतो. त्या काळात खांदा उचलायचा, गुडघा वाकवायचा, चार पावले जास्त चालायचे. टेन्सचे खरे मोल त्या वेळात आहे.

अल्ट्रासाऊंडची गोष्ट अधिक अवघड आहे. एक मेगाहर्ट्झच्या लहरी कातडीखाली काही सेंटीमीटर खोल जातात, तीन मेगाहर्ट्झच्या वरच्या थरातच शोषल्या जातात. मशीनचे हेड आणि कातडी यांच्यात हवेचा पातळ थर राहिला तरी लहरी जवळजवळ पूर्ण परततात, म्हणून जेल. हे आपण परीक्षेत लिहितो; पण मशीनमधून लहरी निघतात का, हे किती जण तपासतात? हेड उलटे धरा, त्यावर पाण्याचे चार थेंब टाका आणि कमी मात्रेवर क्षणभर सुरू करा. पाणी थरथरून उसळले तर मशीन जिवंत आहे. थेंब निपचित राहिले, तर रुग्णाच्या पाठीवर आपण नुसते जेल फिरवत आहोत.

आणि मशीन चालू असले तरी पुरावा काय सांगतो? रॉबर्टसन आणि बेकर यांनी २००१ मध्ये अल्ट्रासाऊंडच्या ३५ चाचण्या तपासल्या. पद्धत समाधानकारक ठरली अशा चाचण्या १० होत्या. त्यांतल्या दोनांत, मनगटातली नस दबण्याच्या आणि खांद्यात चुना साचण्याच्या दुखण्यांत, उपचार खोट्या उपचारापेक्षा सरस ठरला. उरलेल्या आठांत तसे दिसले नाही. जुनाट कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये मार्गदर्शिका काढली. तिने व्यायाम आणि रुग्णशिक्षण यांची शिफारस केली आणि अल्ट्रासाऊंड, टेन्स, ट्रॅक्शन, कंबरपट्टा यांचा नेहमीच्या उपचारात वापर करू नका असे सांगितले. हा निष्कर्ष आपल्याला आवडो वा न आवडो, आपण तो वाचला पाहिजे आणि आपल्या टेबलावरचे काम त्याच्याशी ताडून पाहिले पाहिजे.

बर्फाचेही तसेच. गेब मिर्किन यांनी १९७८ मध्ये दुखापतीसाठी विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि दुखावलेला भाग उंच ठेवणे ही चतुःसूत्री लोकप्रिय केली. पुढे त्यांनीच म्हटले की बर्फ आणि पूर्ण विश्रांती बरे होणे लांबवू शकतात. बर्फाने मज्जातंतूंतला संदेशाचा वेग मंदावतो आणि दुखणे कमी होते, हे खरे. पण सूज हा दुरुस्तीचाच पहिला टप्पा असतो. त्या जागी येणाऱ्या पेशी आधी मोडतोड उचलतात, मग नव्या बांधणीला चालना देतात. म्हणून बर्फ द्यावा तो वेदनेसाठी, थोडा वेळ, आणि दुखावलेला पाय शक्य तितक्या लवकर जमिनीवर टेकवावा.

मग बरे कोण करते? ऊतीवर पडणारा ताण पेशींना जाणवतो आणि त्या त्याला उत्तर म्हणून नवे कोलॅजन विणतात. स्वीडनमध्ये हाकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये टाचेमागची कंडरा दीर्घकाळ दुखणाऱ्या १५ हौशी धावपटूंना पायरीच्या कडेवर उभे करून टाच हळूहळू खाली सोडायला लावली. रोज १८० वेळा, १२ आठवडे. ते सगळे पुन्हा धावू लागले. गट लहान होता आणि पुढच्या अभ्यासांत सर्वांनाच इतका गुण आला नाही. पण लागली होती फक्त एक पायरी आणि कोणीतरी नीट शिकवणे.

आपल्या राज्यासाठी याचा अर्थ मोठा आहे. बीडकडचा ऊसतोड कामगार हंगामभर घरापासून दूर, कारखान्याच्या पट्ट्यात राहतो. त्याच्या बायकोची कंबर मोळ्या उचलून भरून येते. भाताची लावणी करणारी कोकणातली बाई दिवसभर वाकलेली असते. रोजगार बुडवून ही माणसे दहा सिटिंगला येऊ शकत नाहीत. त्यांच्यासोबत फडात आणि शेतात जाऊ शकतो तो फक्त शिकवलेला व्यायाम. तो त्यांच्या बोलीत, त्यांच्या कामाच्या हालचालींत बसवून शिकवला नाही, तर आपले शास्त्र शहरातल्या वातानुकूलित खोल्यांपुरतेच राहील.

कोणी म्हणेल, मशीन लावल्यावर रुग्णाला बरे वाटते, एवढे पुरे नाही का? बरे वाटण्यालाही शरीरशास्त्र आहे. लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी १९७८ मध्ये दाखवले की दात काढल्यावर नुसत्या विश्वासाने मिळणारा आराम नॅलॉक्सोन या अफूविरोधी औषधाने कमी होतो. विश्वास शरीरात रसायन होऊन उतरतो. म्हणूनच त्या विश्वासाची जबाबदारी मोठी आहे. यंत्रावरचा विश्वास रुग्णाला पुन्हा यंत्राकडे आणतो; स्वतःच्या शरीरावरचा विश्वास त्याला कामावर परत नेतो.

तेव्हा या सभागृहाकडे माझे चार आग्रह आहेत. केसपेपरवर ‘टेन्स दिला’ एवढेच लिहू नका. फ्रिक्वेन्सी, मात्रा, वेळ, आधीचे आणि नंतरचे दुखणे, चारही लिहा. मधुमेहाच्या रुग्णाला शेक देण्याआधी गरम आणि गार पाण्याच्या दोन परीक्षानळ्या कातडीला लावून त्याला फरक कळतो का पाहा, कारण बधिर पायाला भाजल्याचे कळत नाही. प्रत्येक भेटीत यंत्रापेक्षा व्यायामाला जास्त वेळ द्या आणि फी ठरवतानाही त्या वेळेचे मोल धरा. आणि जिथे पुरावा नाही तिथे रुग्णाला तसे स्पष्ट सांगा.

विद्यार्थ्यांनो, २०२१ च्या राष्ट्रीय कायद्याने आपल्या व्यवसायाला कायदेशीर चौकट दिली आहे. कायद्याने अधिकार मिळतो. मान मिळवायचा तो कामातून. ज्याच्या हातात मात्रा अचूक आहे, ज्याच्या बोलण्यात खरेपणा आहे आणि ज्याचा रुग्ण महिन्याभराने त्याच्याशिवाय चालू लागतो, त्याला तो मान समाज आपणहून देईल. असे फिजिओथेरपिस्ट या महाराष्ट्राच्या प्रत्येक तालुक्यात तयार व्हावेत, यासाठी ही परिषद झटेल, असा मला विश्वास आहे.