जखमी होण्याआधीची नोंद



ज्या जालना जिल्ह्यात तुम्ही वैद्यक शिकलात, त्याच जिल्ह्यात केळणा आणि जुई या नद्यांच्या काठी असई आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजांची ईस्ट इंडिया कंपनीचा सेनानी वेलस्ली याच्याशी लढाई झाली. कंपनीच्या बाजूचे ४२८ ठार आणि ११३८ जखमी झाल्याची नोंद आहे. मराठा फौजेतल्या जखमींचा नेमका आकडा मात्र आजही मिळत नाही, याची मला खंत आहे. त्या काळच्या वैद्यांपाशी जे काही होतं, ते सगळ्या जखमींना सारखंच दिलं गेलं. एकच औषध एकाला तारतं आणि दुसऱ्याला मारतं, याचं कारण रक्तातच असू शकतं, हे कळायला आणखी दीडशे वर्षं जावी लागली. आणि तेही बऱ्याच अंशी सैनिकांमुळे कळलं.

कोरियाच्या युद्धातून परतणाऱ्या अमेरिकी सैनिकांना जहाजावर चौदा दिवस प्रायमाक्विन दिलं जात असे. व्हायवॅक्स मलेरियाचे जंतू यकृतात दडून बसतात आणि काही महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. त्यांना मारणारं हे औषध. बहुतेकांना ते सोसलं, पण काहींच्या, विशेषतः आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या, तांबड्या पेशी त्याने फुटत. त्यांच्यात जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम जन्मतःच कमी असतं, हे १९५६ मध्ये सिद्ध झालं. त्यासाठीचे प्रयोग इलिनॉयमधल्या स्टेटव्हिल तुरुंगातल्या कैद्यांवर झाले होते. कोठडीतल्या माणसाचा होकार कितपत मोकळा असतो, हा प्रश्न तेव्हा पुरेसा विचारला गेला नाही. तुम्ही तो विचारत राहा.

हा दोष आपल्याकडेही आहे. मुंबईच्या पारशी समाजात १९६३ साली त्याची नोंद झाली, पुढे देशभर तो कमीअधिक प्रमाणात आढळला. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे पुरुषांत तो जास्त दिसतो, आणि बंदूक घेऊन जंगलात जाणारे बहुतेक पुरुषच असतात. आपल्या जालन्यात राज्य राखीव पोलीस दलाचा, म्हणजे एसआरपीचा, गट क्रमांक ३ आहे. एसआरपीच्या कंपन्या वर्षानुवर्षं गडचिरोलीत बंदोबस्ताला जात आल्या आहेत, आणि गडचिरोली म्हणजे मलेरियाने फार गांजलेला जिल्हा. जी-सिक्स-पीडीची तपासणी बोटातल्या थेंबभर रक्तावर होऊ शकते. अमेरिकी सैन्य ती सैनिकांसाठी सक्तीने करतं. आपल्या प्रत्येक जवानाची ती तैनातीपूर्वी झालीच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

दुसरं औषध आम्हा भूलतज्ज्ञांच्या रोजच्या वापरातलं, स्कोलीन. गंभीर जखमीच्या श्वासनलिकेत घाईने नळी घालायची असते, तेव्हा ते मिनिटभरात स्नायू सैल करतं. रक्तातलं एक एन्झाइम पाच-दहा मिनिटांत त्याची विल्हेवाट लावतं आणि श्वास परत येतो. ज्यांच्यात ते एन्झाइम जन्मतः नसतं, त्यांचे श्वासाचे स्नायू तासन्‌तास हलत नाहीत. व्हेंटिलेटर असलेल्या रुग्णालयात असा माणूस वाचतो. पण डोंगरातल्या तंबूत, मागे आणखी चार जखमी ताटकळत असताना त्याचं काय होईल? हैदराबादच्या सीसीएमबीतल्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह २०१७ मध्ये दाखवून दिलं, की तेलुगू भाषक आर्य वैश्य समाजात या दोषाचं प्रमाण इतरांच्या सुमारे शंभरपट आहे. मराठवाडा आणि तेलंगण १९४८ पर्यंत एकाच निजामी राज्यात होते. आर्य वैश्य कुटुंबं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. पण म्हणून आडनाव पाहून औषध ठरवू नका. ‘घरात कुणाचा भुलीनंतर श्वास उशिरा परतला होता का?’ हे प्रत्येकाला विचारा, संशय आला तर तपासणी करा. रोक्युरोनियमसारखा पर्याय आहेच.

गोळी लागल्यावर जनुक तपासायला कुणालाच सवड नसते. लढाईतल्या वैद्यकाचं सगळं अवघडपण इथे आहे. त्यामुळे ही माहिती जवान धडधाकट असतानाच, रक्तगटाच्या शेजारी नोंदलेली हवी. मात्र ती औषधापुरतीच वापरली जावी. तिच्यावरून कुणाची बढती अडता कामा नये, भरती नाकारली जाता कामा नये. एन्झाइम कमी असलेला जवान दुबळा नसतो, त्याला अमुक औषध चालत नाही एवढंच. वरिष्ठांपुढे ‘नाही’ म्हणणं ज्याला जड जातं, त्याच्या वतीने डॉक्टरने उभं राहायचं असतं.

तुमच्यातले काही जण लष्करी सेवेत जातील, बरेच जण अंबड, मंठा, भोकरदनच्या दवाखान्यांत बसतील. एखाद्याला औषधाने अपाय झाला, तर त्या औषधाचं नाव ठळक मराठीत लिहून त्याच्या हाती द्या. त्याच्या भावंडांनाही बोलावून घ्या, कारण तोच दोष त्यांच्यातही असू शकतो. या कामाला कुठल्याही महागड्या यंत्राची गरज नाही. पहिल्या नेमणुकीच्या पहिल्या दिवसापासून ते सुरू करा.