बफर, थर्मोकोल आणि आपले डोके

(मंडळाच्या श्रावणातील मासिक सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरी साहेबांनी 'दुचाकीवरील सुरक्षा' हा विषय दिला तेव्हा मी म्हटले, मी रेल्वेच्या डब्यांखाली वाकून बघणारा डिप्लोमावाला माणूस, मला काय कळणार? ते म्हणाले, तुमच्याच भाषेत सांगा. म्हणून बफरपासून सुरू करतो.

जुन्या आय.सी.एफ. डब्याच्या टोकाला जे गोल बफर असतात, ते धक्का बसला की १२७ मिलिमीटर, म्हणजे पाच इंच आत दबू शकतात. धक्का नाहीसा होत नाही, जास्त अंतरात वाटला जातो. प्रवाशाचा चहा सांडतो, दात पडत नाहीत. हेल्मेटही हेच करते. बाहेरचे कवच कडक असते, पण खरा बफर म्हणजे आतला इंचभर थर्मोकोल.

"मी तर हळूच चालवतो, कोपऱ्यावरून दूध आणायला कशाला हेल्मेट?" असे आपल्यापैकी बरेच जण म्हणतात. त्यांच्यासाठी छोटा हिशोब. जवळजवळ उभी असलेली गाडी कलंडली आणि दीड मीटर उंचीवरून डोके रस्त्यावर आले, तर आपटताना त्याचा वेग ताशी साडेएकोणीस किलोमीटर असतो. उघडे डोके पाच मिलिमीटरमध्ये थांबले तर धक्का गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ३०० पट. थर्मोकोल २५ मिलिमीटर दबला तर सुमारे ६० पट. यात गाडीचा वेग धरलेलाच नाही! हळू चालवल्याने पडण्याची उंची कमी होत नाही.

एक फरक मात्र आहे. बफर पुन्हा बाहेर येतो, दबलेला थर्मोकोल येत नाही. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून चकचकीत दिसले तरी बाद समजावे. मुलाला "वापर, नवीनच आहे" म्हणून देऊ नये.

काही जण साइटवरची पिवळी टोपी घालून गाडी चालवतात. ती वरून पडणाऱ्या पान्या-बोल्टसाठी असते, रस्त्यावर बाजूने आपटणाऱ्या डोक्यासाठी नाही. तिने फार तर चौकातला हवालदार फसेल. मोटारसायकलच्या हेल्मेटवर आय.एस.आय. चिन्ह आणि आय.एस. ४१५१ हा क्रमांक बघा. पट्टा हनुवटीखाली लावा, नाहीतर आपल्याआधी हेल्मेट उडून जाते. सायकलला कायद्याने सक्ती नाही, पण पडण्याची उंची तिथेही तीच. मुलांना सायकलचे हलके हेल्मेट जरूर घ्या.

आता भगिनींविषयी, खरे तर त्यांच्या यजमानांविषयी. २०२२ साली देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण दुचाकी अपघातांत गेले. हा केंद्र सरकारचा आकडा आहे. त्यांतले १४,३३७ मागे बसलेले होते. आपल्या घरी मागे कोण बसते? पुढच्याच्या डोक्यावर दोन हजारांचे हेल्मेट आणि मागे पदर डोक्यावर घेतलेल्या वहिनी, हे दृश्य मंडळाच्या दारातच दिसते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट आवश्यक आहे. मागच्या चाकाची साडीची जाळीही नियमातच आहे. गाडी 'स्मार्ट' दिसावी म्हणून ती काढणाऱ्या चिरंजीवांनी आईला मागे बसवू नये.

(पुण्याचे नातेवाईक हेल्मेटविरोधाचे किस्से रंगवून सांगतात. ते ऐकावेत, हसावे आणि पट्टा लावावा.)

शेवटी जरा अवघड विषय. आपल्या विसर्जन मिरवणुकीपुढे बुलेटची रॅली असते. फेटा, नऊवारी, गॉगल, फोटो झकास येतात. परप्रांतात आपली ओळख दिसावी हा हेतू मला मान्य आहे, मीही फेटा बांधतो. पण एका गाडीवर तिघी, पुढे टाकीवर लहान मूल, आजूबाजूला बस आणि ट्रक! माझी सूचना अशी की फेटेवाल्यांनी ढोल-ताशासोबत पायी चालावे आणि रॅलीत हेल्मेट घातलेल्यांनाच घ्यावे. भगव्या रंगाची हेल्मेटे एकगठ्ठा घेतली तर शोभाही राहील. कार्यकारिणीने यंदाच्या बैठकीत यावर मत घ्यावे. नकार आला तरी चालेल, पण विषय टाळू नये.

चतुर्थीच्या आधीच्या रविवारी सकाळी दहापासून मी मंडपाशी असेन. आपापली हेल्मेटे घेऊन या. पट्टा, बक्कल आणि आतला थर्मोकोल तपासून देईन. वहिनींचे हेल्मेटही आणा, म्हणजे ते घरात आहे की नाही तेही कळेल.