जिन्याखालच्या पेट्या

आमच्या कंपनीचं मुख्य कार्यालय मुंबईत. विभागीय कार्यालय वाकडला, एका हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर. पाटी भारदस्त, आत मात्र चार टेबलं, एक प्लॉटर आणि जिन्याखाली दगडांच्या पेट्या. घरमालक म्हणायचा, ‘दगडांचं भाडं वेगळं द्या.’

त्या पेट्यांत बोअर मारून काढलेले नमुने असतात. वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या खडक, खाली काळा पाषाण. ही काळी माती मे महिन्यात पाहा. भेगेत मनगटापर्यंत हात जातो. जुलैत तीच फुगते आणि कुंपणाच्या भिंती उचलते.

वाकडशेजारच्या हिंजवडीत एमआयडीसीनं आयटी पार्क उभा केला आणि भोवतीची गावं बघता बघता इमारतींनी भरली. वाकड 1997 मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. पलीकडची कितीतरी गावं ग्रामपंचायतीतच राहिली. 2015 मध्ये पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे पीएमआरडीए, आलं. एकाच ओढ्यासाठी मी तीन कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या आहेत. असो.

हिंजवडीजवळच्या माण गावाच्या बाजूला एक काम होतं. जमीन तपासताना 63.5 किलोचा घण 75 सेंटिमीटरवरून टाकतात आणि नळी 45 सेंटिमीटर आत जाईतो ठोके मोजतात. पहिल्या 15 सेंटिमीटरचे सोडायचे, पुढच्या 30 सेंटिमीटरचे ठोके धरायचे. ठोके जास्त, तर जमीन घट्ट. पाचव्या बोअरला तीन मीटरवर ठोके भरपूर पडले. आकडा मुंबईला गेला, मुंबई खूश. पाया तिथंच टेकवा, म्हणाले.

संध्याकाळी आमचा बोअरवाला नळीतला नमुना घेऊन माडीवर आला. कागद उलगडला, तर मातीत निळ्या फरशीचा तुकडा. न्हाणीघरात लावतात ना, तसली. तीन मीटर खोल फरशी कुठून आली? घण राडारोड्यावर बसत होता, म्हणून ठोके वाढले होते. आधीच्या एका कामात मी नुसत्या आकड्यांवर सही केली होती. पहिल्याच पावसात भिंत कलली. ती चूक माझी. त्यामुळे या वेळी सकाळीच साइटवर गेलो.

शेजारच्या शेतात एक आजोबा म्हशी सोडत होते. त्यांना विचारलं. म्हणाले, ‘अहो साहेब, इथं आमचा ओढा हुता. पोरं पोहायची. दोन वर्सं डंपर येत हुते रातचे.’ तलाठ्याकडून गावनकाशा काढला. ओढा त्यात होता; बिल्डरनं दिलेल्या नकाशात तिथं पार्किंग होतं.

मुंबईच्या साहेबांना फोनवर फरशी समजावून सांगणं अवघड गेलं. शेवटी ते स्वतः आले, जिन्याखाली वाकून पेटी पाहिली आणि मुकाट्यानं ड्रॉइंग बदललं. इमारत नऊ मीटर सरकली, ओढ्याला वाट राहिली.

बिल्डरच्या दोन गाड्यांची जागा गेली. त्याचे पैसे त्यानं आमच्याच बिलातून कापले.